खिडकीएवढी परसबाग

अब्बांच्या निधनानंतर, इद्दतीचे दिवस पूर्ण झाल्यावर आम्ही अम्मींना गावाहून मुंब्र्याला घेऊन आलो. गाव चिपळूण तालुक्यात. तिथे घरामागे परडे आहे. विहिरीच्या कडेला अळू, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ, दारात कढीपत्ता, पावसाळ्यात कुंपणावर शिराळ्याचे आणि पडवळाचे वेल. अम्मींचे सारे आयुष्य त्या परड्यात ये-जा करण्यात गेले. इथे आमचे घर चौथ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. गॅलरी नाही. दोन खिडक्या आणि त्यांना बाहेर काढलेल्या लोखंडी जाळ्या, एवढेच काय ते मोकळे आभाळ.

पहिल्याच आठवड्यात अम्मींनी बाजाराची पिशवी ओट्यावर रिकामी केली आणि कढीपत्त्याची काडी हातात घेऊन विचारले, "हासुद्धा विकत आणता?" अळूची पाने बाहेर आली तेव्हा तर त्या काही बोलल्याच नाहीत. पुढचे दोन महिने खिडकीपाशी बसणे, तसबीह फिरवणे आणि समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे पाहणे एवढाच त्यांचा दिवस होता. जेवण कमी झाले, बोलणे कमी झाले. डॉक्टरांना दाखवले, तपासण्या केल्या, काही निघाले नाही. त्यांच्या हातांना काम नाही, हे आमच्या लक्षात यायला फार वेळ लागला.

तेव्हा आम्ही खिडकीत भाजी लावायचे ठरवले. त्याला आता तीन वर्षे झाली. काय उगवले ते सांगूच. पण काय उगवले नाही आणि आमच्या हौसेचा त्रास कोणाला झाला, तेही सांगायला हवे. आपल्यातील अनेकांची घरे अशीच लहान आहेत, आणि आमच्या चुका तुम्ही पुन्हा करू नयेत असे वाटते.

आधी कुंड्या, मग विचार

पहिल्या वर्षी आम्ही एकाच दिवशी चौदा कुंड्या आणल्या. रोपवाटिकेतून टोमॅटोची, वांग्याची, मिरचीची रोपे आणि लाल मातीच्या चार गोण्या. सगळे नेऊन खोलीच्या पूर्वेच्या खिडकीत मांडले. मुले खूश, आम्ही खूश. अम्मींनी एका कुंडीत बोट घालून पाहिले आणि म्हणाल्या, "ही सुकली की वीट होईल." आम्ही ऐकून घेतले नाही.

टोमॅटोची रोपे उंच झाली, काठीसारखी बारीक झाली, फुले आली आणि गळली. वांग्याला फूलही आले नाही. माती खरोखरच विटेसारखी बसली. वरून घातलेले पाणी कुंडीच्या कडेकडेने उतरून तळाच्या भोकातून थेट बाहेर. त्यात आम्ही गावची सवय म्हणून मासे धुतलेले पाणी मिरचीला घालत होतो. गावात माडाच्या बुडाशी ते जिरून जाते. खिडकीत ते जिरत नाही. त्याला वास सुटतो, माश्या येतात.

आणि हे सगळे पाणी जात होते खाली. तिसऱ्या मजल्यावरच्या भाभींच्या दोरीवर जुम्याच्या नमाजचे पांढरे कुर्ते वाळत होते. एका गुरुवारी त्यांवर लाल मातीचे ओघळ उतरले. भाभी कुर्ते घेऊनच वर आल्या. चूक पूर्णपणे आमची होती, पण त्या क्षणी आमच्या तोंडून निघाले, "खिडकी आमची आहे, आम्ही तिच्यात काहीही ठेवू." भाभी काही न बोलता गेल्या. त्यानंतर दोन महिने जिन्यात सलामसुद्धा नाही.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मुलांनाही शिकवतो. त्या दिवशी मुले दारात उभी राहून आमचे बोलणे ऐकत होती.

संध्याकाळी अम्मींनी एकेक करून सगळ्या कुंड्या आत ओढल्या आणि मोरीजवळ रांगेने लावल्या. म्हणाल्या, "पाणी कुठे जातं ते आधी बघा. मग झाडं लावा." आमची खरी सुरुवात त्या संध्याकाळी झाली.

तुमच्याकडे ऊन किती?

लहान घरात जागा किती आहे हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ऊन किती येते. झाड अन्न बनवते ते पानांवर पडलेल्या उन्हातून. माती चार हात असली आणि ऊन नसले तर फळ धरत नाही. माती वीतभर असली आणि ऊन भरपूर असले तर मिरची लगडते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवारा'तून शेतकऱ्यांना हेच सांगितले, की शेत मोजायचे ते पानांनी पकडलेल्या उन्हावरून. आमच्यासारख्यांनी खिडकीचेही तेच करावे.

मोजायची रीत सोपी आहे. सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दर तासाला खिडकीत ऊन आहे की नाही, एवढेच कागदावर लिहायचे. उजेड वेगळा आणि ऊन वेगळे. हाताची स्पष्ट सावली पडली तरच ऊन धरायचे. आमच्या पूर्वेच्या खिडकीत समोरच्या इमारतीमुळे जेमतेम अडीच तास ऊन निघाले. तिथे आम्ही टोमॅटो लावले होते! स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला, समोर शाळेचे मैदान. तिथे दुपारी एकपासून सहापर्यंत ऊन, आणि तिथे आम्ही रिकामे डबे ठेवत होतो.

हे मोजमाप वर्षातून दोनदा करावे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन आतपर्यंत येते. उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो आणि त्याच खिडकीवर छज्जाची सावली पडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तर मुंबईत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून जातो, म्हणून एरवी थंड असलेल्या उत्तरेच्या खिडकीलाही थोडे ऊन मिळते.

ऊन कळले, की भाजी आपोआप ठरते. दोन-तीन तास ऊन किंवा नुसता भरपूर उजेड असेल तर पुदिना, अळू, लसणाची पात आणि कोवळी मेथी. तीन-चार तास असेल तर कोथिंबीर, पालक, मायाळू. पाच-सहा तास किंवा त्याहून जास्त असेल तरच मिरची, टोमॅटो, वांगी, भेंडी, कारली. थोडक्यात, पानाला कमी ऊन चालते, फळाला चालत नाही. ज्यांच्या घरात अजिबात ऊन नाही त्यांनी निराश होऊ नये. पण टोमॅटोचे रोपही आणू नये.

माती हलकी, कुंडी मोजकी

बाराव्या शतकात अंदलुसमधील इश्बीलिया, म्हणजे आजच्या स्पेनमधील सेव्हिल, येथील इब्न अल-अव्वाम यांनी 'किताब अल-फिलाहा' हा शेतीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात आधी माती, मग खत, मग पाणी येते. झाडांची पाळी त्यानंतर. आम्ही नेमका उलटा क्रम लावला होता.

खिडकीसाठी नुसती माती नको. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते आणि ती भिजली की कुंडी २५ किलोपर्यंत जाते. अशा चार कुंड्या म्हणजे एक क्विंटल वजन चार खिळ्यांवर टांगलेल्या जाळीवर! म्हणून आता आम्ही एक भाग माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण करतो. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. त्याची वाळवलेली वीट मिळते. पाण्यात टाकली की अनेक पटींनी फुगते. त्यात मीठ राहिलेले असू शकते, म्हणून एकदा धुऊन, पिळून घ्यावे. हे मिश्रण वजनाला हलके, पाणी धरून ठेवणारे, आणि सुकले तरी त्याची वीट होत नाही.

कोकोपीटही विकत घ्यायचे नसेल तर रसवंतीच्या दुकानात उसाची चिपाडे मिळतात. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पिशव्या आणि पिंपांमध्ये चिपाडे भरून, वर थोडी माती घालून भाज्या पिकवून दाखवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवरही तिथल्याच ओल्या कचऱ्याच्या खतावर बाग उभी राहिली. चिपाडे बारीक तुकडे करून, वाळवून वापरावीत, नाहीतर गोडाला मुंग्या लागतात.

कुंड्यांवर खर्च करू नका. पालेभाजीला चार बोटे खोल माती पुरते. मिठाईचे प्लॅस्टिकचे खोके, आइस्क्रीमचे डबे, फळांची खोकी चालतात. मिरचीला ८ ते १० इंची कुंडी किंवा ५ लिटरचा तेलाचा डबा. टोमॅटो, वांगी आणि वेलांना १५-२० लिटरची बादली. तळाला भोके हवीतच, आणि भोकाखाली ताटली हवीच.

वजूचे पाणी

आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेला येते. तिसऱ्या मजल्यावर ओघळ न्यायचे नाहीत, हे तर ठरलेच होते. पण पिण्याचे पाणी झाडांना घालणेही परवडणारे नव्हते. उपाय अम्मींनीच काढला. त्या पाटावर बसून लोट्याने वजू करतात. पाटासमोर त्यांनी एक टब ठेवला. संध्याकाळपर्यंत टबात झाडांना पुरेल एवढे पाणी जमले.

प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. नळ सोडून वजू केला तर त्याच्या कितीतरी पट पाणी वाहून जाते. टब ठेवल्यावर ते पाणी डोळ्यांना दिसू लागले, आणि मुलांनी न सांगता नळ बारीक केला. या पाण्यात साबण नसतो, म्हणून झाडांना ते निर्धोक आहे. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणीही चालते. मिठाचे, साबणाचे, मटण-मासे धुतलेले पाणी मात्र खिडकीतल्या कुंडीला कधीही घालू नये.

पाणी किती, याचे उत्तर बोट देते. मातीत बोटाचे पहिले पेर घालायचे. ओल लागली तर पाणी नको. सुकण्यापेक्षा जास्त झाडे आमच्याकडे भिजून मेली. आता आम्ही बाटलीच्या झाकणाला भोके पाडून हळूहळू पाणी घालतो, ताटलीत थेंब दिसला की थांबतो. ताटलीतले पाणी रोज ओतून टाकतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत तिथून नवे डास निघतात. भाजीच्या नादात घरात आजार आणला तर काय उपयोग?

खत घरातले

दोन जुन्या बादल्यांना कडेने भोके पाडली. तळाला सुक्या पानांचा थर, त्यावर भाजीची देठे, साली, साखर धुऊन टाकलेला चहाचा चोथा; पुन्हा वर मूठभर कोकोपीट किंवा सुकी पाने. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपडले. दर तीन-चार दिवसांनी काठीने वर-खाली केले. एक बादली भरेपर्यंत दुसरी कुजत राहते. दोन-अडीच महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते आणि त्याला पहिल्या पावसासारखा वास येतो. सडका वास आला तर समजावे की पाणी जास्त आहे. सुकी पाने वाढवावीत. हाडे, मांस, तेलकट उरलेले अन्न त्यात टाकू नये. उंदीर आणि मांजरी वास काढत येतात.

बकरी ईदच्या आधी इमारतीच्या आवारात बोकड बांधलेले असतात. पहिल्या वर्षी ती लेंडी झाडून कचऱ्यात गेली. दुसऱ्या वर्षी अम्मींनी मुलांना डबा घेऊन खाली पाठवले. लेंडीखत उत्तमच, पण ताजी लेंडी मुळांना सोसत नाही. गोणीत भरून, थोडी ओलसर ठेवून तीन महिने मुरू द्यावी, मग चुरून मूठ-मूठ घालावी. तेवढ्यात आमच्या कारल्याचे आणि मिरचीचे वर्ष निघाले.

काय लावावे, कसे लावावे

मेथी: सुरुवात हिच्यापासून करावी, कारण ती निराश करत नाही. स्वयंपाकघरातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून डब्यात दाट पेरावेत, वर अर्धा इंच माती. तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि वीस-पंचवीस दिवसांत मेथी खुडता येते. मुंबईच्या बाजारात लहान जुड्यांत मिळणारी समुद्रमेथी म्हणजे वाळूत वाढवलेली हीच कोवळी मेथी. दर आठवड्याला एक डबा पेरत राहिलो, की एकापाठोपाठ एक तयार होतात. एका डब्यात खिमा-मेथीपुरती मेथी निघते. भाजीसाठी तीन डबे लागतात.

कोथिंबीर: धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया. लाटण्याने हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या आणि पेरायच्या. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. याच काळात बरेच जण कंटाळून माती उकरतात. तसे करू नये. साधारण चाळीस दिवसांत काढणी. कडक उन्हाळ्यात ती लगेच फुलावर जाते, म्हणून तिचा खरा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत.

पुदिना: बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या निवडाव्यात, खालची पाने काढून ग्लासात पाण्यात ठेवाव्यात. आठवडाभरात मुळे फुटतात. पुदिन्याला स्वतंत्र डबा द्यावा, कारण तो दुसऱ्याची जागा बळकावतो. वरचे शेंडे खुडत राहावे, तेवढा तो दाट होतो. रमजानच्या महिनाभर आधी दोन डबे लावले तर इफ्तारच्या चटणीची चिंता नाही.

लसणाची पात: कोंब फुटलेल्या पाकळ्या टोक वर करून खोचाव्यात. पंधरा दिवसांत पात कापता येते, आणि दोनदा-तीनदा पुन्हा फुटते.

मायाळू: जाळीसाठी याच्याइतका गुणी वेल नाही. काडी खोचली तरी लागते, पावसात जोमाने वाढते. पानांची भजी, डाळीत घालून भाजी. तोडाल तेवढी फुटते.

अळू: ओलावा आवडतो, सावली चालते. मोरीजवळच्या बादलीत उत्तम. कंद मात्र खात्रीच्या खायच्या अळूचाच आणावा; शोभेच्या अळूची पाने कधीही खाऊ नयेत. खायच्या अळूलाही खाज असतेच, म्हणून शिजवताना चिंच किंवा कोकम घालतात. आमचा कंद गावाहून एस.टी.ने आला.

मिरची: सुक्या लाल मिरचीतले बी पेरावे, रोप वीतभर झाले की मोठ्या कुंडीत लावावे. पाने आकसून चुरगळली तर तो बोकड्या. बारीक किडीमुळे तो होतो. असे शेंडे खुडून टाकावेत आणि एक लिटर पाण्यात एक चमचा कडुनिंबाचे तेल व थोडा द्रव साबण ढवळून संध्याकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा.

कारले: जूनच्या शेवटी २० लिटरच्या बादलीत दोन बिया. पहिली फुले सगळी नर निघतात, घाबरू नये. नंतर ज्या फुलामागे इवलेसे कारले दिसते ते मादी फूल. चौथ्या मजल्यावर मधमाश्या कमी येतात, म्हणून सकाळी नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यभागी हलके टेकवायचे. हे काम आमची धाकटी मुलगी शाळेत जाण्यापूर्वी करते आणि त्यात दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही.

कबुतरांचे एक राहिले. कोवळ्या कोंबांवर ती तुटून पडतात. झाड लावले आणि त्यातून माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका होते, अशी हदीस आहे. मुलांनी ती अम्मींना ऐकवली. अम्मी म्हणाल्या, "सदक्याचा डबा वेगळा पेरू. हा झाका." तेव्हापासून नव्या डब्यांवर जुनी जाळीदार ओढणी असते आणि एक डबा उघडा असतो.

हे विसरू नका

जाळीची एक बाजू किंवा उघडणारी झडप नेहमी मोकळी ठेवा. आग लागली तर बाहेर पडायची ती वाट आहे. कठड्याच्या बाहेरच्या कडेवर कुंडी ठेवू नका. चौथ्या मजल्यावरून पडलेली कुंडी माणसाचा जीव घेते. जाळीचे खिळे गंजले आहेत का, दर पावसाळ्यापूर्वी पाहा. गच्ची वापरायची असेल तर सोसायटीची परवानगी घ्या आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवा, म्हणजे स्लॅबवर पाणी मुरत नाही.

आणि हिशेब खरा ठेवा. आमच्या घरात सहा माणसे आहेत. कांदे, बटाटे, टोमॅटो, फ्लॉवर आजही बाजारातूनच येतात. पुदिना, कढीपत्ता, लसणाची पात आणि मिरच्या आता विकत आणाव्या लागत नाहीत. थंडीत कोथिंबीरही घरची. मेथी, मायाळू आणि अळू मिळून महिन्यात पाच-सहा वेळा घरची भाजी होते. 'घरच्या घरी महिन्याची भाजी' असे कोणी सांगितले तर आधी त्यांची गच्ची किती मोठी ते विचारावे.

भाभींचे ऊन

भाभींकडे आम्ही दोन महिन्यांनी गेलो. आधी जायला हवे होते. रमजानचा चंद्र दिसला त्या संध्याकाळी पुदिन्याची पहिली जुडी घेऊन खाली उतरलो आणि दारातच माफी मागितली. "खिडकी आमची आहे, पण तिच्याखाली तुमची दोरी आहे, हे आम्ही विसरलो," एवढेच बोललो. भाभींनी जुडी घेतली. आत बोलावले नाही. आम्ही परत आलो.

सलाम सुरू झाला, तेवढाच. पुढच्या वर्षी कारल्याचा वेल पश्चिमेच्या जाळीवर चढला आणि सप्टेंबरात त्याचे चार फाटे जाळीतून खाली, थेट भाभींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर उतरले. ते पाहिले आणि पोटात गोळा आला. गेल्या वेळी आमचे पाणी त्यांच्या कपड्यांवर गेले, आता आमच्या वेलाने त्यांचे ऊन अडवले. ऊन मोजायला शिकलो तेव्हा आम्ही फक्त आमचे मोजले होते. आम्ही कात्री घेऊन खाली गेलो आणि म्हणालो, "भाभी, आत्ता कापून टाकतो. तुमच्याच खिडकीतून हात पोचेल."

भाभींनी कात्री हातातून काढून घेतली. ऑक्टोबरच्या दुपारी त्या ओट्यापाशी उभ्या राहतात तेव्हा ऊन थेट तोंडावर येते. या आठवड्यात पहिल्यांदा सावली मिळाली, असे त्या म्हणाल्या. "वेल राहू द्या. पण खिडकीच्या खाली उतरलेली कारली माझी." त्या हंगामात वरच्यापेक्षा खालच्या फाट्यांनाच जास्त कारली लागली. आता भाभींच्या मोरीजवळ आमच्या अळूचा एक कंद आहे, आणि त्याला पाणी किती घालावे हे विचारायला त्या अम्मींकडे वर येतात. अम्मी सांगतात कमी, वेळ मात्र तासभर जातो.

अम्मी आता फज्रनंतर खिडकीत असतात. कोणत्या डब्यात काय कधी पेरले ते त्यांच्या तोंडपाठ आहे. जेवण पूर्वीसारखे झाले, हे आम्ही मोठ्याने बोलत नाही. अल्लाहचे आभार मानतो. गाव सुटल्याचे दुःख कुंडीने जात नाही. अजूनही पाऊस लागला की त्या परड्याची चौकशी करायला गावी फोन लावतात.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर या रविवारी एवढेच करा. खिडकीतले ऊन तासातासाने लिहून काढा. खिडकीखाली कोणाची दोरी आहे ते वाकून पाहा. आणि रात्री झोपण्यापूर्वी मूठभर मेथीदाणे भिजत घाला. इन्शाअल्लाह, महिना भरायच्या आत पहिली मेथी खुडाल. त्यातली थोडी खालच्या मजल्यावर पाठवा.